अकरावी सूचना

धाकटीने शेवटी सासऱ्यांच्या तोंडावर सांगून टाकलं, की गेली सात पिकं ती त्या चार दिवसांतसुद्धा अळ्यांच्या शेडमध्ये जात होती, अळ्यांना हात लावत होती, पाला घालत होती. ते ऐकून सासरे होते तिथेच, चुन्याच्या पोत्यावर, मटकन बसले.

असं काही झालेलं नाही. त्या घरात जाऊन कुणालाही विचारा. सासरे म्हणतील, मला हल्ली कमी ऐकू येतं. सासू म्हणेल, मी तेव्हा भांडी घासत होते. थोरला दीर मुळातच बोलत नाही. चुन्याचं पोतं तेवढं एका अंगाने चेपलेलं आहे, पण पोत्याची साक्ष कोण काढतो? तेव्हा ते घडलंच नाही असं धरून चालू.

घर रेशमाच्या अळ्यांवर चालायचं. मागे तुतीचं रान, त्याच्या अलीकडे लांबट शेड, शेडमध्ये चार मांडण्या, एकेका मांडणीला पाच मजले, आणि मजल्यामजल्यावर तुतीच्या फांद्यांवर पसरलेल्या पांढऱ्या अळ्या. अळीचा कार्यक्रम सोपा होता. खायचं, झोपायचं, कात टाकायची, परत खायचं. अशा चार झोपा झाल्या की आठवडाभर अधाशासारखं खायचं आणि मग तोंडातून धागा काढून स्वतःलाच त्यात गुंडाळून घ्यायचं. इतकं सुरळीत आयुष्य त्या घरात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

अळ्या खायला लागल्या की शेडमध्ये आवाज व्हायचा. शेजारच्या खोलीत शंभर माणसं एकदम वर्तमानपत्र उलगडताहेत, असा. घरातल्या माणसांना त्या आवाजाची इतकी सवय, की तो असला तर कुणाच्या लक्षात यायचा नाही. तो थांबला की मात्र हातातलं टाकून सगळे शेडकडे धावायचे.

शेडच्या दारावर रेशीम कार्यालयाने दिलेली पाटी होती. तिच्यावर दहा सूचना छापलेल्या. चप्पल बाहेर काढावी. पाय चुन्यात बुडवून यावे. अत्तर लावून येऊ नये. तंबाखू खाऊन येऊ नये. ही तंबाखूची सूचना सासरे दारात थुंकून पाळत. दहाव्या सूचनेखाली त्यांनी स्वतःच्या हाताने, काळ्या रंगाने आणखी एक लिहिली होती : ११. चार दिवस बाईने येऊ नये.

लग्न होऊन आल्यावर धाकटीने एकदा भीतभीत विचारलं होतं, "मामा, अंडी कुठून येतात आपली?"

"केंद्रातून. सरकारी."

"तिथं कामाला कोण असतं?"

"बायका असतात. चाळीसेक असतील."

"त्या चार दिवस घरी बसतात?"

सासऱ्यांनी बराच विचार केला. "तिथं सरकार आहे," ते म्हणाले. "सरकारी जागेत विटाळ चालत नाही."



अकरावी सूचना थोरलीमुळे आली होती. थोरली म्हणजे मोठ्या दिराची बायको. बारा वर्षांपूर्वी ती त्या दिवसांत शेडमध्ये गेली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पीक मेलं, चाळीस हजार अळ्या, असं घरात सांगायचे. मग ती मागच्या छपरात बसली, म्हणजे बसवली, आणि तिथेच आजारी पडून गेली. चाळीस हजार हा आकडा सगळ्यांना पाठ होता. थोरली गेली तेव्हा तिचं वय काय होतं, हे विचारलं तर सासू बोटं मोजायला लागायची.

धाकटीने तिला कधी पाहिलं नव्हतं. घरात तिचा फोटोही नव्हता. तिची मागे राहिलेली एकच वस्तू म्हणजे मुलगी, तेव्हा वर्षाची, आता तेरा वर्षांची. स्वतःपेक्षा मोठे भारे उचलायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

अळ्यांची नजर धाकटीला होती. हजार अळ्यांत एखादी मलूल असली तर ती दारातून ओळखायची. नवरा ट्रकवर, पंधरवड्याने घरी येऊन झोपायचा आणि परत जायचा. त्यामुळे पीक तिच्याच जिवावर होतं, आणि पिकाच्या ऐन खाण्याच्या आठवड्यात तिला चार दिवस परसात बसवलं की मागे सासू ओला पाला घालायची, दीर फांद्या उलट्या टाकायचा. दीड वर्षापूर्वी अशाच एका सकाळी सासरे तापाने पडलेले, सासूचा पाय मुरगळलेला, अळ्या उपाशी. धाकटी कुणाला न सांगता आत गेली. पाला घातला आणि मांडणीला टेकून अळ्या मरायची वाट बघत उभी राहिली.

अळ्या मेल्या नाहीत. खात राहिल्या. त्या पिकाचे कोष इतके घट्ट निघाले, की सासऱ्यांनी एक कोष चार दिवस खिशात घालून गावभर दाखवला.

मग ती प्रत्येक पिकाला जाऊ लागली. लपवायचं कसं, हेही तिने बसवलं. अळ्यांच्या जाळ्या धुऊन दोरीवर टाकायची, आणि जाळ्यांच्या खाली आपल्या कापडाच्या घड्या वाळवायची. घरात संशय येऊ नये म्हणून, पीक निघून शेड रिकामी झाली की काही नसताना चार दिवस बसून घ्यायची. सासू शेजारणीला सांगायची, "आमची धाकटी गुणाची हो. वेळकाळ बघून बसते."

पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. शेडच्या मागच्या दारात चुन्याची भुकटी पसरलेली असायची. ज्या सकाळी ती त्या दिवसांत आत जायची, त्या सकाळी भुकटीवर दोन अनवाणी पावलं उमटलेली असायची. बोटं शेडकडे. उंबऱ्यापर्यंत आलेली, उंबऱ्याच्या आत एकही नाही. कुणीतरी यावं, थांबावं आणि आत घ्यायची वाट बघावी, अशी. धाकटीने एकदा आपला पाय त्यावर ठेवून बघितला. बरोबर बसला. त्यामुळे काहीच सिद्ध झालं नाही. तेव्हापासून आत पाला घालताना तिला पाठीमागून कुणीतरी तिचे हात बघतंय असं वाटायचं. रागाने नाही. नवीन सून स्वयंपाक कसा करते हे दारातून बघावं, तसं.

आता थंडी पडू लागली होती. आठवं पीक चौथ्या झोपेतून उठून खायला लागलं होतं. कोष धरायला चार दिवस होते.

सकाळी धाकटी आणि मुंगी तुतीत फांद्या कापत होत्या. धुकं इतकं खाली, की कोयता दिसायचा आणि हात दिसायचा नाही.

"काकू, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"भारा बांध आधी."

"मी मरणार आहे का?"

"आज नको. आज पाला खूप आहे."

मुंगी हसली नाही. तिने पाठ फिरवली. फ्रॉकवर मागे, हाताच्या पंजाएवढा डाग होता. धाकटीने कोयता खाली ठेवला.

"कधीपासून?"

"काल सकाळपासून. पोटात पण दुखतंय. मी कुण्णाला नाही सांगितलं."

"शाळेत सांगतात ना तुम्हाला ह्याचं?"

"सांगितलं ना बाईंनी. मुलांना मैदानावर पाठवलं, खिडक्या लावल्या आणि इतकं हळू सांगितलं की मागच्या बाकावर ऐकूच आलं नाही. मी मागच्या बाकावर बसते."

धाकटीने आपल्या जुन्या साडीचा पदर टरकावला, घडी कशी घालायची ते दाखवलं. "मरायबिरायचं काही नाही. कावळा शिवला तुला, एवढंच."

"कुठला कावळा?"

"कुठलाच नाही. मोठ्या माणसांना बोलायची लाज वाटते, मग पाखरावर ढकलतात."

मुंगीने घडी हातात धरली. "पण काकू, काल संध्याकाळी मी आत होते. तीन नंबरला मी पाला घातला."

"मग?"

"मग काय? आईने घातला तेव्हा मेल्या ना सगळ्या."

त्या वेळी धाकटीने सांगायला हवं होतं. सात पिकं, आणि कालपासून हे आठवं. तिच्याही कमरेत त्याच घडीला कळ होती. पण जीभ उचलली नाही. कारण खरं सांगायचं तर तिची स्वतःचीच खात्री नव्हती. सात वेळा काही झालं नाही, म्हणजे आठव्या वेळी सगळं एकदम होणार असेल, असंही तिला रोज सकाळी वाटायचं.

"अळीला पाल्याचा वास कळतो," ती एवढंच म्हणाली. "माणसांचं तिला काही पडलेलं नसतं. चल."

दुपारी आवाज थांबला.

सगळा नाही, म्हणून लक्षात यायला वेळ लागला. एक, दोन आणि चार नंबरच्या मांडण्या खात होत्या. तीन नंबर गप्प होती. धाकटी जवळ गेली. अळ्या डोकी हवेत उचलून गोल गोल हलवत होत्या. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. अंगं आखडून निम्मी झाली होती. तिच्या डोळ्यांदेखत एक अळी फांदीवरून सुटली आणि टप्प करून खाली पडली. मग दुसरी. मग पाचही मजल्यांवरून टपटप.

"मामा!"

सासरे आले. तंबाखू थुंकायची राहिली. त्यांनी एक अळी तळव्यावर घेतली, ती तळव्यावरच मेली. त्यांनी कार्यालयात फोन लावला आणि मग सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"काल आत कोण कोण होतं?"

"सगळेच होतो की," सासू म्हणाली.

"तसं नाही विचारत मी."

"अगोबाई." सासूने बोटं मोजली. "माझं बंद होऊन दहा वर्षं झाली. सूनबाईचं शेड रिकामी होती तेव्हाच होऊन गेलं."

"मग राहिलं कोण?"

थोरला खराटा घेऊन झाडलेलंच अंगण झाडायला लागला. तेवढ्यात मुंगी एक पाऊल पुढे आली. शाळेत हजेरीला उभं राहतात तशी, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"आजोबा, मी. कालपासून."

सासरे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "आईवर गेली."

मुंगी मागे वळली आणि चालू लागली. छपराकडे जा, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. छप्पर कुठलं, हेही तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं. शेडच्या मागे, पाला खाऊन उरलेल्या काड्यांचे ढीग रचायची ती जागा. मुंगी वाकून आत शिरली आणि कोपऱ्यात बसली. काड्या कडकड वाजल्या. मग पुन्हा वाजल्या, जरा पलीकडे. आत आधीपासून असलेल्या कुणीतरी सरकून जागा करून द्यावी, तशा. अंगणात उभ्या चौघांनी तो आवाज ऐकला. थोरल्याचा खराटा थांबला.

"उंदीर असेल," सासरे म्हणाले.

"उंदीरच," सासू म्हणाली, आणि मागे न बघता घरात गेली.

तासाभराने पाहणीवाले साहेब आले. ते साहेब म्हणजे तिशीतल्या एक बाई होत्या. स्कूटरवरून उतरल्या, तोंडाला रुमाल बांधला, चुन्यात पाय बुडवले आणि पाटीसमोर थांबल्या.

"अकरावी सूचना आमची नाही," त्या म्हणाल्या. "चार दिवस म्हणजे कुठले चार दिवस?"

सासऱ्यांनी सुनेकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "सोमवार ते गुरुवार, साहेब."

"आज बुधवार आहे."

"तुम्हाला चालतं, साहेब."

बाई आत गेल्या. मेलेली अळी दाबून बघितली, हिरवं पाणी बघितलं, तीन नंबरच्या फांद्या उचलून पानांचा वास घेतला. "हा पाला कुठला?"

बाईंनी स्वतःच एक पान उलटून बघितलं.

"बांधाकडचा ना? शेजाऱ्याने टोमॅटोवर फवारा मारलाय परवा. मी येताना बघितलं. वाऱ्याने तुमच्या कडेच्या ओळींवर आलाय. विष आहे हे, सरळ विष. बाकीच्या मांडण्यांना आतला पाला गेला म्हणून त्या वाचल्या. कडेच्या पाच ओळी तोडू नका आता."

"ते आहेच, साहेब," सासरे नम्रपणे म्हणाले. "विष आहेच. पण विषाला वाट कुणी दिली?"

"वाऱ्याने."

"बरोबर. पण वाऱ्याला कुणी दिली?"

बाईंनी पिशवीतून नुकसानीचा अर्ज काढला, धाकटीच्या हातात दिला. "हा भरून पाठवा," म्हणाल्या आणि गेल्या. बुधवारी आत शिरलेल्या बाईने एकही अळी मारली नाही, हे सासऱ्यांच्या लक्षात आलं की नाही कळलं नाही. ते छपराकडे बघत होते.

"मामा, आणू का पोरीला आत?"

"चार दिवस."

"साहेबांनी सांगितलं ना आत्ता!"

"साहेब साहेबांच्या घरी गेल्या. इथं मी आहे."

ऊन उतरलं. छपराच्या काड्यांतून गार वारा शिरायला लागला. धाकटीने वाकून बघितलं. मुंगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, दात वाजत होते.

"काकू, मी बरी आहे," ती म्हणाली. "इथं एकटं वाटत नाही."

धाकटीने पोरीच्या कपाळाला लावायला हात पुढे केला.

"शिवू नको तिला!" मागून सासऱ्यांचा आवाज आला. "तुला आत पाला घालायचाय. लांबून विचार, ताप आहे का म्हणून."

धाकटीचा हात हवेत राहिला. तिला एकाएकी कळलं, की बारा वर्षांपूर्वी इथेच, असाच एक हात हवेत राहिला होता आणि मग खाली गेला होता. तिने हात पोरीच्या कपाळावर ठेवला. कपाळ कोमट होतं. मग ती उठली आणि सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, मलाही आहे. आज दुसरा दिवस."

"काय?"

"आजच नाही. गेली सात पिकं. तुम्ही खिशात घालून फिरलात तो कोष त्यातलाच. ताप आला होता ना तुम्हाला, तेव्हा कुणी घातला पाला? मी. सकाळी एक, दोन, चार नंबरला कुणी घातला? मी. मेल्या का त्या? जा, ऐकून या."

ऐकायला जावं लागलं नाही. अंगण इतकं चिडीचूप झालं, की शेडमधून आवाज बाहेर आला. तीन मांडण्या खात होत्या, एका लयीत, कुणाचीही पर्वा न करता. सासरे तो आवाज ऐकत राहिले. मग चुन्याच्या पोत्यावर बसले.

"मला," ते म्हणाले, "हल्ली कमी ऐकू येतं."

खराट्याला टेकून उभ्या असलेल्या थोरल्याने घसा साफ केला. त्या घरात तो आवाज महिनोन्‌महिने निघत नसे, म्हणून सगळे दचकले.

"बांधाकडचा पाला मी कापला होता काल," तो म्हणाला. "जवळ पडतो म्हणून." मग खाली बघून म्हणाला, "तेव्हाही मीच कापला होता. तेव्हाही बांधाकडचाच."

एवढं बोलून तो छपराशी गेला, वाकला आणि मुलीला लहान बाळासारखं उचलून घेऊन आला. सासऱ्यांच्या समोरून नेलं. सासरे पोत्यावरच्या छापलेल्या अक्षरांकडे बघत होते. नको असं म्हणाले नाहीत, हो असंही म्हणाले नाहीत. ती त्यांची शेवटपर्यंतची भूमिका.

धाकटी तीन नंबरच्या अळ्या घमेल्यात भरून पुरून आली, हात धुतले. स्वयंपाकघरात मुंगी चुलीजवळ गोधडीत बसली होती. सासू तिच्यापासून दोन हातांवर बसून तिच्याकडे एकटक बघत होती. मग ती एक हात सरकली. मग अर्धा. मग तिने नातीच्या कपाळाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

"ताप नाही," ती म्हणाली. "असा बघायचा असतो, नाही का? एवढंच असतं." हात काढला नाही. "तुझ्या आईने मला सांगितलं होतं, ताप आहे म्हणून. मी लांबून विचारलं, किती आहे? ती म्हणाली, तुम्हीच बघा ना, आई. मी म्हटलं, चौथ्या दिवशी अंघोळ झाली की बघते. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेली. चौथा आलाच नाही तिचा."

चूल फुरफुरली.

"म्हणजे हिशोबाने ती अजून बाहेरच आहे," सासू म्हणाली. पाहुणी बाहेर ताटकळली आहे, तिला कुणी या म्हटलं नाही, अशा सुरात. "आणि अशा थंडीत. मी बोलावून चालेल का गं आता? मीच बसवली होती. माझं कशाला ऐकेल ती? ते म्हातारं तर बहिरंच झालंय."

सासूची नजर फळीवर ठेवलेल्या अर्जावर गेली.

"तो कागद सरकारी आहे ना? काय काय विचारलंय त्यात?"

मुंगीने गोधडीतून हात काढून अर्ज घेतला. तिचं अक्षर चांगलं होतं. मेलेल्या अळ्यांची अंदाजे संख्या : दहा हजार. नुकसानीचे कारण : बांधाकडील पाला, फवारा. हे तिने धाकटीला विचारून लिहिलं आणि त्यात दुसऱ्या कशाचाही उल्लेख केला नाही. शेवटी एक मोठा रकाना मोकळा होता. 'अर्जदाराची मागणी.'

"लिही," सासू म्हणाली. "मी सांगते तसं. पण शाळेत शिकवतात त्या भाषेत घाल. नाहीतर वाचणार नाहीत."

मुंगीने पेन सरळ धरलं, आणि आजी सांगत गेली तसं, शाळेतल्या भाषेत घालून लिहिलं :

'महोदय, विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, बारा वर्षांपूर्वीच्या पिकाच्या वेळी या घरच्या थोरल्या सूनबाई यांना चुकीच्या कारणावरून बाहेर बसविण्यात आले होते. तिसऱ्या दिवशी त्या मयत झाल्याने त्यांचा चौथा दिवस मोजण्याचे राहून गेले असून त्या अद्याप बाहेरच आहेत. घरातील कोणासही त्यांना आत बोलावण्याचा अधिकार उरलेला नाही. तरी कार्यालयाने सदर एक दिवस आपल्या अधिकारात भरून घ्यावा व त्यांना आत येण्याची लेखी परवानगी द्यावी. त्या आत आल्याने अळ्यांना कोणताही धोका नाही, याची हमी खाली सही करणाऱ्या दोघी देत असून दोघींचाही आज दुसरा दिवस आहे. उत्तर शक्यतो लवकर मिळावे, ही नम्र विनंती, कारण त्यांच्या अंगावर पांघरूण नाही.'